मागच्या सभेच्या वृत्तांतात एक दुरुस्ती

अल कुसैस, दुबई
५ ऑक्टोबर २०२५

पर्णे,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी सगळं वाच, मग ते हवेत की नकोत ते तू ठरव.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. संध्या ड्यूटीवर आहे, माझा गुडघा जागेवर आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘आई, जेवलीस का, गोळी घेतलीस का’ करतेस आणि ठेवतेस. शिवाय फोनवर मी भराभर बोलते, आणि भराभर बोलताना मला खोटं सहज सुचतं. लिहिताना हात हळू चालतो. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला खरं लिहितानाच घाम फुटतो, खोटं कुठून रचणार. जोडाक्षरं चुकली तर तू नीट करून वाच.

पाकिटावरचा इंग्रजी पत्ता हव्वाबीने लिहिलाय. हव्वाबी आमच्याच मजल्यावरची, दाभोळची. नवरा गेला, मुलाकडे असते. दुपारी दोघी खिडकीत बसतो आणि शारजाकडे तुंबलेल्या गाड्या बघतो. तिने पत्ता लिहिताना विचारलं, “फ्रान्सला काय पाठवताय?” मी म्हटलं, “कागद.” ती म्हणाली, “कागदाला एवढे दिरहम? इतक्यात गावाकडे आठवड्याची भाजी येते.” तरी मुलाच्या हातून पोस्टात टाकणार आहे.

आता कामाचं. संध्याने तुला विचारलं की डिसेंबरात पंधरा दिवस येऊ का. तिकडच्या व्हिसाला तुझ्या घरी उतरणार असा कागद लागतो, तो तुझ्या नगरपालिकेतून तूच काढायचा असतो. तू उत्तर पाठवलंस, “आत्ता नको.” दोन शब्द. तिने ते दोन शब्द मला वाचून दाखवले आणि कुकर लावला.

मला सगळं माहीत आहे. तुमच्या तुलूजला महिन्यातून एकदा मराठी माणसं कुणाच्या तरी घरी जमतात, एक विषय घेतात आणि बोलतात, हे तू मला उन्हाळ्यात कौतुकाने सांगितलं होतंस. जूनमधला तुमचा विषय होता, घर कशाला म्हणायचं. तू त्यात बोललीस, कुणीतरी फोनमध्ये धरलं, आणि ते फिरत फिरत संध्याच्या दवाखान्यातल्या एका नर्सकडे आलं. तिने संध्याला दाखवलं. कौतुक म्हणून.

तू म्हणालीस, “मला आईने नाही, पार्सलांनी वाढवलं. मला का नेलं नाहीस विचारलं, तर म्हणाली तुला दमा होता. मी शाळेत चारशे मीटर धावायचे. दमा असलेली मुलगी.” लोक हसले. मग तू म्हणालीस, “मला वाढवलं आजीने. मी आजीलाच आई म्हणते.” टाळ्या.

संध्याने घरी ते तीन वेळा बघितलं, मी शेजारी होते. पुसलं नाही. तांदूळ धुतले.

तिची रजा बारा डिसेंबरपासून आहे. कागद पाठव.

तुझी आई


अल कुसैस
१२ ऑक्टोबर

पर्णे,

काल मला संध्याने करामाला नेलं. इथेही तुमच्यासारखं मंडळ आहे. मला चर्चेला जायचं नव्हतं, पण ती म्हणाली, “घरात भिंतींशी बोलतेस, तिथे माणसं आहेत.” माणसं आहेत हे खरं. सुरेश म्हणून एक खानावळवाले आहेत, त्यांच्या खानावळीवरच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार वाजता बसतात. राजकारण आणि धर्म हे दोन विषय खाली चपलांपाशी ठेवायचे, असा पहिला नियम. इथे परक्या मुलखात तेच शहाणपणाचं. उरलेल्या सगळ्यावर बोलायचं.

दुसरा नियम वहीचा. दर्शन म्हणून चिटणीस आहे, विम्याच्या हापिसात असतो. तो प्रत्येकाचं बोलणं वहीत लिहितो. सभा सुरू झाली की उभा राहून मागच्या महिन्याचं सगळं वाचतो. वाचून झालं की विचारतो, “वृत्तांतात कुणाची काही दुरुस्ती?” आणि कुणी तोंड उघडायच्या आत म्हणतो, “नसल्यास वृत्तांत कायम.” लोक तोपर्यंत फोन बघत असतात आणि बटाटेवडा कधी येतो याकडे डोळे. मी शेजारणीला विचारलं, “दुरुस्ती कधी कुणी सांगतं का?” ती म्हणाली, “छे हो आजी, ती बोलायची पद्धत आहे.”

कालचा विषय फळ्यावर लिहिला होता: ‘मुलं देशात, आईबाप परदेशात: काय कमावलं, काय गमावलं?’ मी संध्याकडे बघितलं. तिने आधी वाचला नव्हता. तिला चहाचं काम दिलं होतं, ती चहाच करत राहिली.

पहिले सुरेश बोलले. म्हणाले, “मी दोन्ही मुलं सात वर्षं साताऱ्याला ठेवली, तेव्हा खानावळ उभी राहिली.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कष्टाचा माणूस. मग मुग्धा म्हणून एक मुलगी उठली, तिशीची, बँकेतली. म्हणाली, “मला कुणाला जज करायचं नाही, पण एक आई म्हणून, आय कुड नेव्हर. मूल टाकून जायचं म्हणजे, सॉरी, तो चॉइस असतो.” हिचं मूल सांभाळायला फिलिपाइन्सची बाई आहे. त्या बाईची दोन पोरं तिकडे तिच्या आईकडे. ते मुग्धाच्या हिशेबात नव्हतं.

आमच्या घरापासून सोनापूर लांब नाही. तिथे बांधकामावरचे हजारो बापे राहतात, सगळ्यांची पोरं गावाला. पहाटे बसा भरभरून जातात. त्यांनी पोरं टाकली असं कुणी म्हणत नाही. नोकरीला आलेत म्हणतात.

संध्याच्या हातात चहाची किटली होती. दर्शन वहीतून मान वर करून म्हणाला, “संध्याताई, तुमचा तर स्वतःचा अनुभव आहे. दोन शब्द?” ती म्हणाली, “मला काही बोलायचं नाही.” आणि मुग्धाच्या कपात चहा ओतला. थेंब सांडला नाही. नर्सचा हात.

मला राहवलं नाही. मी बसल्या जागेवरून बोलले, उभं राहायला गुडघा देत नाही. म्हटलं, “मी हिची आई. हिचा नवरा भानुदास अपघातात गेला तेव्हा पोरगी वर्षाची होती. ही दोन वर्षांनी इकडे आली. पोरीला इकडे आणायला हिने व्हिसा काढला होता. एकदा नाही, दोनदा. पण पोरीला दमा होता. डॉक्टर म्हणाले, वाळूच्या हवेत नेऊ नका. म्हणून मी ठेवून घेतली. हिने टाकली नाही.”

मग टाळ्या. मुग्धा उठून संध्याला मिठी मारायला गेली, किटलीसकट. दर्शनने सगळं वहीत उतरवून घेतलं, माझं पूर्ण नाव विचारून.

परतताना गाडीत संध्या म्हणाली, “आई, बरं झालं बोललीस.” सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, “मी पर्णीला दम्याचं सांगितलं तर ती म्हणते मी खोटं बोलते. लहान होती, विसरली असेल. तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल तिला. तू सांगशील?”

मी म्हटलं, “बघते.”

माझा आवाज नीट आला. मी त्यात जुनी आहे.

तुझी आई


अल कुसैस
२४ ऑक्टोबर

पर्णे,

भाऊबीज काल झाली. संध्याने रजेच्या दिवशी चकल्या तळल्या आणि तुझा डबा वेगळा बांधला. पार्सल. तू त्यावर हसशील, हसून घे. डब्याच्या तळाशी तिने तुला ओव्याच्या गोळ्यांची पुडी घातली आहे, छातीसाठी. अजून.

आता ऐक. तुला दमा कधीच नव्हता.

तू सहा वर्षांची असताना पहिला व्हिसा आला. बाईमाणसाच्या नावावर मुलाचा व्हिसा काढणं तेव्हा सोपं नव्हतं, तरी तिने काढला. इतर नर्सांबरोबर भागात घेतलेली खोली सोडून वेगळी खोली घेतली, छोटा पलंग घेतला, शाळेत नाव घातलं. मला फोन करून म्हणाली, “आई, पर्णीला पंधरा तारखेला घेऊन ये.” त्या फोनवर मी म्हटलं, “अगं तिला दमा निघालाय. डॉक्टर नको म्हणतात.” असं एका दमात. आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं, आणि बाहेर आल्यावर मला ते बरं वाटलं.

तुला मी सांगितलं, “तुझ्या आईकडे तुला ठेवायला जागा नाही.” तू विचारलंस, “मी छोटी आहे, छोटीशी जागा पण नाही?” मी म्हटलं नाही.

तीन वर्षांनी दुसरा व्हिसा आला. मी म्हटलं, वाढलाय.

का केलं हे तू विचारशील. कराडच्या घरात मी एकटी उरले असते. तेवढंच. तुझे आजोबा गेलेले, संध्या गेलेली. दारातून आत आल्यावर ‘आई’ म्हणून हाक मारणारं एकच माणूस होतं, ते मला द्यायचं नव्हतं. याला कुणी प्रेम म्हणेल. म्हणू दे. ज्याचं होतं त्याला मी दिलं नाही, एवढं मला कळतं.

ती नर्स असून फसली कशी, हेही विचारशील. दर दोन वर्षांनी सुटीत यायची आणि पहिल्या दिवशी तुझी छाती तपासायची. तू वैतागायचीस, “ही आली की डॉक्टरसारखी गार नळी लावते.” ती म्हणायची, “आता तर साफ आहे.” मी म्हणायची, “थंडीत येतो.” फोनवर ती पहिलं विचारायची, “श्वास लागतो का?” तुला वाटायचं, हिला दुसरं काही विचारता येत नाही. बिल्डिंगभरच्या लोकांच्या आजारांच्या सोंगांना फसत नाही ती. पण आईवर संशय घ्यायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिने दम्याचे पंप पाठवले. प्रत्येक पार्सलात, बारा वर्षं. ते मी शेजारच्या तलाठी भाऊसाहेबांना देत होते. त्यांना खरा दमा होता. ते म्हणायचे, “कावेरीबाई, तुमची संध्या म्हणजे देवमाणूस.”

तू आठवीत धावण्यात पहिली आलीस तो फोटो मी तिला पाठवला नाही. आता कळलं का?

आणि आणखी एक. गेल्या वर्षी तू मला फोनवर विचारलंस, “आई, मला लहानपणी दमा होता का गं?” मी म्हटलं, “छे.” ते खरं होतं. त्यानंतर मी गप्प बसले, आणि तू समजलीस की संध्या खोटारडी आहे. माझ्या एका खऱ्या शब्दाने ती खोटी पडली. दम्याच्या खोट्यापेक्षा हे वाईट, असं मला आता वाटतं.

पुरावा मागशील तर तुझी छाती आहे. चार जिने चढून बघ.

हे मी संध्याला सांगितलेलं नाही. आठ नोव्हेंबरला मंडळाची पुढची सभा आहे. तिथे दर्शन वही उघडून ऑक्टोबरचं वाचील, त्यात माझं नाव येईल. मग तो विचारील, कुणाची दुरुस्ती आहे का.

तेव्हा त्याला मी सांगीन.

सही काय करायची ते कळेना, म्हणून करत नाही.


अल कुसैस
६ नोव्हेंबर

पर्णे,

काल तुझे चार फोन आले. पत्र पोचलं म्हणायचं. मी उचलले नाहीत. तू रडशील, नाहीतर म्हणशील, “आई, जाऊ दे, जुनं आहे, सगळ्यांसमोर नको.” मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मला कुणी जाऊ दे म्हटलं की मी लगेच जाऊ देते. म्हणून उचलले नाहीत.

हव्वाबीला सांगितलं. कुणाला तरी बोलून बघायचं होतं. ती तसबीहचे मणी ओढत होती. मग म्हणाली, “कावेरीबाय, आधी पोरीला घरात सांगा. लोकांसमोर तिची अब्रू काढताय.”

मी म्हटलं, “तिची नाही, माझी.”

“एकच घर आहे. एकाची गेली की दुसऱ्याची राहते का?”

“घरात सांगितलं तर ती काय करील माहीत आहे? दार लावील, रडील, मला पाणी देईल, आणि म्हणेल, हे पर्णीला कळू देऊ नकोस, तिच्याजवळ तू एकच आहेस. ती मला वाचवील. आणि स्वतः खोटारडी म्हणून राहील. इतकी वर्षं तेच करतेय.”

हव्वाबी म्हणाली, “आणि लोकांत सांगितलं तर?”

“तर मला परत फिरता येणार नाही. वहीत जाईल.”

तिने तसबीह ठेवली. म्हणाली, “मग मी पण येते. तुम्ही एकट्या गेलात तर मधेच बटाटेवडा खाऊन परत याल.”

बोलायला तीही काही कमी नाही.

मी स्वयंपाकघरात तीनदा प्रयत्न केला होता, ते तिला सांगितलं नाही. तुला सांगते. एकदा संध्या कणीक मळत होती, एकदा माझ्या गोळ्या डब्यात वार लावून भरत होती. सोमवार, मंगळवार असं कागदावर लिहून चिकटवते, मला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात. तिसऱ्यांदा ती झोपली होती, ड्यूटीवरून येऊन, बूट न काढता. तिन्ही वेळा मी ‘संध्या’ म्हटलं, तिने ‘ओ’ दिली, आणि मी म्हटलं, “मीठ संपत आलंय.”

घरात आता तीन पुडे मीठ आहे.


अल कुसैस
९ नोव्हेंबर

पर्णिका,

झालं. क्रमाने सांगते.

सुरेशच्या हॉलमध्ये तीसेक माणसं होती. मुग्धा पुढे. हव्वाबी माझ्या शेजारी, तिला दर्शनने खास खुर्ची दिली. संध्या मागे, कपबशा लावत. फळ्यावर नवीन विषय होता, मुलांना मराठी कशी शिकवायची. त्यांची मुलं बाजूच्या खोलीत इंग्रजीत भांडत होती.

दर्शन वाचायला लागला. त्याचा आवाज चांगला आहे. चौथा मुद्दा माझा. ‘श्रीमती कावेरीबाई यांनी सांगितले की नातीस दमा असल्याने तिला परदेशी आणणे शक्य झाले नाही. उपस्थितांनी टाळ्यांच्या गजरात त्यांच्या त्यागाचे कौतुक केले.’ त्याग हा शब्द त्याने स्वतः घातला होता. मी म्हटला नव्हता.

वाचून संपलं. “वृत्तांतात कुणाची काही दुरुस्ती? नसल्यास...”

“माझी आहे,” मी म्हटलं.

तो तसाच तोंड उघडं ठेवून थांबला. त्याच्या जन्मात पहिल्यांदा कुणी उत्तर दिलं होतं. वडे घेऊन आलेला माणूस दारातच थांबला.

दर्शन म्हणाला, “आजी, नावात काही चूक झाली का?”

“नाव बरोबर आहे. दमा चुकीचा आहे. पोरीला दमा नव्हता. मी खोटं सांगितलं होतं. इथेही, आणि तेव्हा फोनवर संध्यालाही. पोरगी मला सोडायची नव्हती, म्हणून. पोरीला सांगितलं की आईकडे जागा नाही. आईला सांगितलं की पोरीला दमा आहे. हिने दोनदा व्हिसा काढला, तेवढं खरं आहे. ते राहू द्या. त्याग काढा.”

मागे कपबशीचा आवाज थांबला. मी वळून बघितलं नाही. मान वळत नाही असं मी लोकांना सांगते, पण काल खरंच वळली नाही.

दर्शन हळू आवाजात म्हणाला, “आजी, हे घरगुती आहे. वृत्तांतात कशाला? आपण बाजूला बसून बोलू.”

मी म्हटलं, “गेल्या महिन्यात माझं खोटं घरगुती नव्हतं, टाळ्या वाजवून लिहून घेतलंत. आता खरं आलं तर घरगुती झालं?”

मुग्धा म्हणाली, “दर्शन, लिहा ना.” तिचा आवाज बदललेला होता. त्या मुलीला मी मनात बरंच बोलले होते, त्यातलं थोडं मागे घेते. थोडंच.

तो लिहायला लागला, आणि तेव्हा संध्या मागून बोलली. मला वाटलं, ओरडेल. तिने पेशंटला विचारतात तसं विचारलं. “आणि पंप?”

“कुठले?”

“मी पाठवत होते ते. बारा वर्षं.”

“तलाठी भाऊसाहेबांना दिले.”

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच थांबलं. संध्या म्हणाली, “त्यांना डोस कुणी सांगितला?”

“तूच. फोनवर मला सांगायचीस, मी त्यांना सांगायची.”

ती म्हणाली, “बरं.” हातातली बशी कपाखाली ठेवली, ओढणी नीट केली आणि जिना उतरून गेली.

हव्वाबी उठायला लागली, मी तिचा हात धरला. सही करायची होती. दर्शनने लिहिलेलं वाचून दाखवलं, मी नाव घातलं. माझं नाव लिहायला मला वेळ लागतो, सगळे थांबले. मग तो उभा राहिला आणि म्हणाला, “दुरुस्तीसह वृत्तांत कायम.” बटाटेवडा कुणी मागितला नाही.

खाली संध्या गाडीत बसली होती, एसी लावून. हव्वाबी मागे बसली, मी पुढे. घरी आल्यावर तिने माझ्या गोळ्या काढून पाण्याचा पेला शेजारी ठेवला. शनिवारच्या खणातून. आणि आपल्या खोलीत गेली.

आज सकाळी तिने चहा केला. एकच कप. तो मला दिला आणि उभ्याउभ्या विचारलं, “तिला खोकला तरी होता का कधी?”

मी म्हटलं, “एकदा. गोवर आला तेव्हा.”

“ते मला सांगितलं नव्हतंस.”

“नाही.”

ती ड्यूटीवर गेली. बूट घालताना म्हणाली, “तू कराडला परत जायचं म्हणत असशील तर आत्ता विचारू नकोस. मला आत्ता तुझ्याशी काही ठरवायचं नाही.” हे योग्य आहे. मी विचारणार नाही. ती जे ठरवील ते होईल, आणि कराडला जायचं ठरलं तर मी घर झाडून घेईन. एकटं राहायला मला आता जमलं पाहिजे. बावीस वर्षं उशिरा का होईना.

तुझे सकाळपासून सहा फोन आले. उचलणार नाही. मला करू नकोस. तिला कर. ती चारला सुटते, साडेचारला दवाखान्याच्या बसच्या थांब्यावर असते, पाचला इथे. साडेचारची वेळ चांगली, तिथे तिला रडता येत नाही, सगळे ओळखीचे असतात.

सोबत वहीतल्या पानाची झेरॉक्स आहे. दर्शनने स्वतः आणून दिली, पैसे घेतले नाहीत. खाली माझी सही आहे, वाकडी आहे पण माझीच. तुमच्या तुलूजच्या मंडळातही वही असेल. नसली तर ठेवा. जूनमध्ये तू जे बोललीस ते तू खोटं बोलली नाहीस, तुला जे दिलं गेलं तेच तू बोललीस. पण ते तिथे तीसेक माणसांच्या कानात आहे, आणि फोनमध्ये फिरतंय. पुढच्या बैठकीला उठ आणि दुरुस्ती सांग. माझं नाव घे. मला लाज वाटेल का याचा विचार करू नकोस, मला वाटली तर ती माझी मी बघेन.

आणि कागद काढ. बारा डिसेंबरला तेहतीस दिवस उरलेत, त्यात व्हिसाला दोन-तीन आठवडे जातात. पत्र मिळेल त्याच दिवशी नगरपालिकेत जा. माझं नाव त्यात घालू नकोस, मी येणार नाही. तिचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिही, संध्या भानुदास थोरात. कागदात एक रकाना असतो म्हणे, येणारा माणूस तुमचा कोण. तिथे आई लिही.

आशीर्वाद शेवटी लिहीन म्हटलं होतं. वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय, पाकिटात आहे. नको असला तर तेवढाच फाड, झेरॉक्स ठेव.

तुझी आजी
कावेरी